लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीवर काय खरडलंय

एकाच अल्बमच्या दोन एलपी समोर आहेत. एक १९७३ ची ब्रिटिश, कव्हरच्या कडा उसवलेली, सँडहर्स्ट रोडला उतरून चोर बाजारातून आणलेली. दुसरी परवाच कुरियरने आलेली, १८० ग्रॅमची, वर ‘रीमास्टर्ड’चं चकचकीत स्टिकर. दोन्ही लागोपाठ लावल्या, जुनी जास्त भरदार वाटली, आणि लगेच निकाल लागला: जुन्याची सर नव्याला नाही. कधी निकाल उलटा लागतो. जुनी खरखरते, नवी शांत वाजते, मग जुन्याचं कौतुक म्हणजे हौशी लोकांचं खूळ ठरतं.

दोन्ही निकाल घाईचे आहेत. कारण कानावर पडला तो रेकॉर्डच्या वयाचा आवाज नव्हताच. तो होता कुठल्या टेपवरून, कोणी आणि कसं कटिंग केलं (म्हणजे टेपवरचा आवाज खाचांत कोरला) त्याचा, शिवाय गेल्या पन्नास वर्षांत त्या खाचांतून कसल्या सुया फिरल्या त्याचा. यातलं पहिलं बरंचसं रेकॉर्डवर लिहिलेलं असतं. शेवटचं गाणं संपतं तिथपासून लेबलपर्यंतच्या कोऱ्या पट्टीला डेड वॅक्स म्हणतात, त्यावर.

रेकॉर्ड बनते कशी ते थोडक्यात. मास्टर टेपवरून लेथ या कोरण्याच्या यंत्रावर लॅकर, म्हणजे मऊ लेपाची चकती, कापतात. त्यावर चांदीचा थर, मग निकेल, अशी पहिली उलटी प्रत निघते. तिला फादर म्हणतात. फादरवरून मदर, मदरवरून स्टँपर. स्टँपरने साधारण हजारभर रेकॉर्ड दाबल्या की तो थकतो, मग त्याच मदरवरून दुसरा काढतात. म्हणजे ‘पहिलं प्रेसिंग’ (पहिल्यांदा दाबलेली खेप) ही एक वस्तू नसते. एकाच आठवड्यात दुकानात आलेल्या दोन प्रतींपैकी एक ताज्या स्टँपरची आणि दुसरी शेवटच्या दमातली असू शकते. लॅकरच पुन्हा कापलं असेल तर मात्र तो पूर्ण वेगळा आवाज, मग कव्हर आणि लेबल अगदी तेच का असेना.

इएमआय कंपनीच्या ब्रिटिश रेकॉर्डवर हे सगळं वाचता येतं. मॅट्रिक्स नंबर (डेड वॅक्सवरचा ओळख-क्रमांक) घड्याळातल्या सहाच्या जागी येईल अशी रेकॉर्ड धरा. त्या नंबरातला शेवटचा आकडा म्हणजे कितवं लॅकर. डावीकडे, नऊच्या जागी, मदरचा क्रमांक. उजवीकडे, तीनच्या जागी, एक-दोन अक्षरं. तो स्टँपरचा क्रमांक. त्याची किल्ली ‘ग्रामोफ लि.’ या इंग्रजी अक्षरांत आहे: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे ०. ‘जीआर’ दिसलं तर बारावा स्टँपर. आकडा जितका लहान तितकं बरं, पण त्यावर देव पाण्यात ठेवायची गरज नाही. चाळिसावा स्टँपर नव्या मदरवरचा आणि ताजा असेल, तर तो थकलेल्या चौथ्यापेक्षा स्वच्छच वाजणार.

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ घ्या. लेबल हार्वेस्ट, कॅटलॉग नंबर एसएचव्हीएल ८०४. पहिल्या खेपेच्या लेबलवर भरीव निळा त्रिकोण, नंतरच्यांवर नुसती त्रिकोणाची रेघ. विकणारा तो त्रिकोण दाखवूनच भाव चढवतो. पण भरीव त्रिकोण पहिल्या कटिंगनंतरही काही काळ चालूच राहिला, म्हणून त्रिकोणावर थांबू नका, मॅट्रिक्स बघा. दोन्ही बाजूंना शेवटी २ असेल तरच ते बाजारात आलेलं सर्वांत आधीचं कटिंग. त्याच अल्बमची २००३ ची तिसाव्या वर्षाची आवृत्ती मास्टरिंग इंजिनिअर डग सॅक्स आणि केविन ग्रे यांची, २०१६ ची जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांची. तिन्ही कटिंगचे बास वेगळे, झांजा वेगळ्या. ‘मूळ विरुद्ध नवी’ म्हणताना यातली कुठली नवी, ते सांगितल्याशिवाय बोलण्याला काही अर्थ उरत नाही.

कटिंगचा फरक किती मोठा असू शकतो याचा सगळ्यात सोपा धडा लेड झेपेलिनच्या दुसऱ्या अल्बममध्ये आहे. १९६९ साली न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमध्ये इंजिनिअर बॉब लडविग यांनी तो कापला, भरपूर बास आणि मोठ्या पातळीसह. लडविग यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, एका साध्या प्लेयरवर त्या प्रतीची सुई उडाली, आणि अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने तो दबवून पुन्हा कापायला लावला. त्यामुळे डेड वॅक्सवर ‘आरएल’ (लडविग) आणि ‘एसएस’ (स्टर्लिंग साउंड) अशी अक्षरं असलेली अमेरिकन प्रत आज सोन्याच्या भावाने जाते आणि तिच्यानंतर थोड्याच काळात दाबलेली, तितकीच ‘ओरिजिनल’ प्रत त्यापुढे पातळ वाजते. घेताना अक्षरं दोन्ही बाजूंना आहेत ना ते पाहा. विक्रेत्याने एकाच बाजूचा फोटो पाठवला तर दुसऱ्या बाजूचा मागा. आणि इथे बँड ब्रिटिश असला तरी हवी ती प्रत अमेरिकन आहे, कारण टेप आणि कटिंग दोन्ही न्यूयॉर्कचं. बँड ज्या देशाचा त्या देशाचं प्रेसिंग चांगलं, हा नियम बहुतेक वेळा खरा असतो. तो खरा असतो कारण मास्टर टेप घरी राहते आणि परदेशी टेपची नक्कल जाते, देशाच्या मातीत काही जादू असते म्हणून नाही.

कटिंग करणाऱ्यांच्या अजून काही ओळखीच्या सह्या: ‘पोर्की’ म्हणजे जॉर्ज पेकम, ‘बिल्बो’ म्हणजे डेनिस ब्लॅकम, ‘टीएमएल’ म्हणजे डग सॅक्स यांची मास्टरिंग लॅब, ‘बीजी’ बर्नी ग्रंडमन, ‘केपीजी’ किंवा ‘केजी ॲट सीए’ म्हणजे केविन ग्रे. नव्या रेकॉर्डवर यातली एखादी सही सापडली तर कोणीतरी जबाबदारी घेतलीय एवढं नक्की. काहीच नाही, नुसता छापील नंबर, कव्हरवरही कटिंग करणाऱ्याचं नाव नाही, अशी नवी रेकॉर्ड असेल तर ती सीडीच्या फाइलवरून कापलेली असण्याची शक्यता धरून चाला.

आता भारतीय प्रती. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या कोलकात्यातल्या दमदम कारखान्यात बीटल्सपासून फ्लॉइडपर्यंत बरंच काही दाबलं गेलं आणि आपल्याकडच्या जुन्या कपाटांतून तेच निघतं. ‘मेड इन इंडिया’ वाचून ती बाजूला टाकणारे लोक चूक करतात. डेड वॅक्सवर ब्रिटिश प्रतीसारखाच, यंत्राने ठोकलेला मॅट्रिक्स नंबर असेल, तर धातूचे साचे तिकडून आले होते आणि कटिंग लंडनचंच आहे. फरक पडतो तो प्लास्टिकमध्ये आणि साच्याच्या थकव्यात. बारीक सळसळ जास्त, शांत जागी टिकटिक जास्त. मोठ्या आवाजाच्या रॉकमध्ये ती बरीच झाकली जाते. अकूस्टिक गाणी असतील तर बोचते. कमी पैशांत लंडनचं कटिंग ऐकायचं तर स्वच्छ दमदम प्रत हा माझ्या मते ठाण्या-मुंबईत मिळणारा सगळ्यात चांगला सौदा आहे, आणि अजून तरी तिचा भाव फारसा कोणी वाढवलेला नाही.

पण स्वच्छ प्रत मिळणं हीच मेख. या रेकॉर्ड घरोघरी सिरॅमिक कार्ट्रिजच्या (कार्ट्रिज म्हणजे सुई बसते तो डबा) प्लेयरवर वाजल्या. सुईचा भार चार-पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त, सुई वर्षानुवर्षं बदललेली नाही. अशी झीज डोळ्यांना दिसत नाही. रेकॉर्ड आरशासारखी चमकते आणि वाजवली की ‘स’, ‘श’ फाटतात, मोठ्या आवाजात गिटार भाजल्यासारखी येते, बाजूच्या शेवटच्या गाण्यात तर जास्तच. ओरखडे दिसतात म्हणून लोक त्यांना घाबरतात. मी झिजेला घाबरेन. ओरखडा एका जागी टिक करून जातो, झीज पूर्ण बाजू खाते. दुकानात ऐकायची सोय असेल तर पहिलं गाणं लावू नका, शेवटचं लावा.

शेवटचंच का, त्याचा हिशोब असा. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरते, पण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी वेगाने सरकते आणि आतल्या टोकाला जेमतेम २१ सेंमी. तितक्याच कंपनांना निम्म्याहून कमी जागा. साधी गोल सुई त्या दाट वळणांत नीट बसत नाही, घासते. ४५ फेऱ्यांच्या दोन रेकॉर्डवर पसरलेल्या नव्या आवृत्त्यांना इथेच खरा फायदा मिळतो: वेग ३५ टक्क्यांनी वाढतो आणि आतल्या टोकापर्यंत जावंही लागत नाही. फ्लीटवूड मॅकच्या ‘रूमर्स’ची स्टीव्ह हॉफमन आणि केविन ग्रे यांनी कापलेली ४५ ची आवृत्ती मूळ अमेरिकन प्रतीपेक्षा मला सरळसरळ वरचढ वाटते. दर तीन गाण्यांनी उठायचा कंटाळा असेल त्यांनी ती घेऊ नये.

१८० ग्रॅमचं कौतुक मात्र अनाठायी आहे. खाचेची खोली वजनावर ठरत नाही. १२० ग्रॅम आणि १८० ग्रॅम यांच्या जाडीत साधारण ०.६ मिमीचा फरक पडतो, २३० मिमीच्या टोनआर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यावर, त्याने सुईचा कोन जेमतेम ०.१५ अंश बदलतो. तेवढ्यासाठी प्रत्येक रेकॉर्डला आर्म वर-खाली करणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. जाड रेकॉर्डचं स्वतःचं दुखणं वेगळंच आहे. दाबायचा वेळ कमी पडला किंवा साचा पुरेसा गरम नसला तर प्लास्टिक खाचेत पूर्ण भरत नाही. मग एकाच बाजूच्या स्पीकरमधून, फेरीगणिक, चेन ओढल्यासारखा ‘झर्र’ आवाज येतो. टॉर्च तिरका धरला की तिथे चंदेरी, कोरडा पट्टा दिसतो. हे धुऊन जात नाही. दहा वेळा धुतलीत तरी नाही. परत पाठवा.

दुसरा दोष म्हणजे केंद्राबाहेर पडलेलं भोक. भोक एक मिलिमीटर सरकलेलं असेल तर आतल्या गाण्यात, जिथे खाचेची त्रिज्या ६० मिमीच्या आसपास असते, सूर प्रत्येक फेरीला सुमारे पावणेदोन टक्के वर आणि तितकाच खाली झुलतो. पियानोचा लांबवलेला स्वर ऐका, लगेच कळतं. सुई डेड वॅक्समध्ये असताना आर्मकडे बघा. तो डावी-उजवीकडे डुलत असेल तर दोष रेकॉर्डचा. हा दोष जुन्यांतही असतो, पण जुनी रेकॉर्ड परत देता येत नाही.

‘पूर्ण ॲनालॉग’ या शिक्क्याबद्दल. लेड झेपेलिनच्या २०१४ च्या एलपी ९६ किलोहर्ट्झ २४ बिटच्या फाइलवरून कापलेल्या आहेत. बीटल्सचा २०१२ चा स्टीरिओ संच डिजिटलवरून, तर २०१४ चा मोनो संच थेट ॲनालॉग टेपवरून, आणि यातला मोनो संच मूळ प्रतींसमोर ठेवला तरी मान खाली घालत नाही. पण डिजिटल म्हणजे वाईट हे समीकरण २०२२ मध्ये चांगलंच उघडं पडलं. जुने अल्बम पुन्हा काढणाऱ्या मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या २०११ नंतरच्या अनेक रेकॉर्डच्या साखळीत डीएसडी ही डिजिटल पायरी होती हे तेव्हा बाहेर आलं. तोवर ‘शुद्ध टेपचा आवाज’ म्हणून त्यांची आरती ओवाळणाऱ्यांच्या कानांना काही खुपलं नव्हतं. उलट जुन्यांतही सगळं सोवळं नाही. लेथला पुढची फेरी किती जोरात आहे हे १.८ सेकंद आधी कळावं लागतं, म्हणजे खाचांतलं अंतर ठेवता येतं. त्यासाठी टेपमशीनवर टेप आधी वाचणारं एक जास्तीचं हेड असायचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून काही ठिकाणी त्याऐवजी डिजिटल डिले (आवाज थोडा उशिरा सोडणारं यंत्र) आला, आणि लॅकरकडे जाणारा आवाज त्यातूनच जाऊ लागला. त्या काळातल्या काही ‘ओरिजिनल’ रेकॉर्ड अशा आहेत. डायर स्ट्रेट्सचा १९८५ चा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ तर रेकॉर्डच डिजिटल टेपवर झाला. त्याची मूळ एलपी हवी म्हणून हट्ट धरणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं की एका एलपीवर बसवायला गाणी कापली होती. ‘मनी फॉर नथिंग’ सीडीपेक्षा सव्वा मिनिटाहून जास्त लहान आहे. दोन रेकॉर्डची नवी आवृत्ती पूर्ण लांबीची. इथे नवी घ्यावी, विषय संपला.

एक गफलत वारंवार होते. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ची २०१७ ची किंवा ‘रिव्हॉल्व्हर’ची २०२२ ची आवृत्ती ही रीमास्टर, म्हणजे त्याच मिक्सची नवी घडाई, नाही, जाइल्स मार्टिन यांनी नव्याने केलेलं मिक्स आहे. गायक वेगळ्या जागी, ड्रम वेगळ्या वजनाचे. ती १९६६-६७ च्या प्रतीशी ताडून ‘प्रेसिंग’ची चर्चा करणं म्हणजे पुरणपोळी आणि गुळपोळीची तुलना करून तव्याला दोष देणं.

आता तुलना करायची तर नीट करू. बहुतेक घरगुती तुलना एकाच कारणाने फसतात: दोन रेकॉर्डची पातळी सारखी नसते. एक डेसिबल मोठी असलेली रेकॉर्ड ‘मोठी’ वाटत नाही, ‘चांगली’ वाटते. जास्त जिवंत, जास्त खोल. म्हणून:

दोन्ही रेकॉर्ड धुवा. सुई साफ करा. एकच कार्ट्रिज, एकच भार. एटी-व्हीएम९५ई असेल तर २ ग्रॅम, ऑर्टोफॉन टूएम रेड असेल तर १.८, डिजिटल काट्यावर मोजून, आर्मच्या चकतीवर विश्वासून नाही. फोनो स्टेजमधून (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर दोन्हींचं तेच गाणं उतरवा, शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये २० हर्ट्झच्या खालचं कापा, नाहीतर वाकड्या रेकॉर्डची हालचाल मोजमाप बिघडवते. मग त्याच ३० सेकंदांच्या तुकड्याची आरएमएस (सरासरी) पातळी दोन्हींत ०.२ डेसिबलच्या आत आणा. फूबार या प्लेयर-सॉफ्टवेअरमधली एबीएक्स चाचणी वापरून, कुठली कुठली हे न बघता, सोळा वेळा ओळखा. बारा किंवा जास्त बरोबर आली तर फरक खरा. एक तुकडा बाजूच्या पहिल्या गाण्यातला घ्या, एक शेवटच्या. पहिल्यात मूळ प्रत जिंकते आणि शेवटच्यात हरते, हा निकाल इतका नेहमीचा आहे की तो आला तर चक्रावू नका: पहिल्यात कटिंग बोलतंय, शेवटच्यात झीज.

या फाइलींवर डायनॅमिक रेंजचा (हळू-मोठ्या आवाजातल्या अंतराचा) मीटर लावून आकडे मिरवू नका. सीडीच्याच दाबलेल्या फाइलवरून कापलेली एलपीही त्या मीटरवर सीडीपेक्षा मोठा आकडा दाखवते, कारण कटिंग आणि प्लेबॅकमधल्या फेजच्या सरकण्याने कापलेली शिखरं पुन्हा टोकदार होतात. गतिमानता त्याने परत येत नाही.

सुईबद्दल एक गोष्ट, कारण निकाल ती फिरवू शकते. गोल सुईने झिजलेल्या जुन्या रेकॉर्डला मायक्रोलाइन, म्हणजे बारीक टोकाची सुई, उदाहरणार्थ वरच्या एटी-व्हीएम९५ई कार्ट्रिजलाच बसणारी व्हीएम९५एमएल, लावली तर ती खाचेच्या भिंतीला वेगळ्या, बऱ्याचदा न झिजलेल्या उंचीवर टेकते. टाकाऊ वाटलेली प्रत कधीकधी त्याने उभी राहते. कधी मात्र खालचा सगळा गाळ उपसून वर आणते. म्हणून आधी धुलाई.

धुण्यासाठी नळाचं पाणी नको. घोडबंदर रोडला टँकरचं पाणी येतं त्या सोसायट्यांत तर अजिबात नको. वाळल्यावर खाचेत क्षार राहतात आणि तीच नवी खरखर होते. आरओचं पाणीही पुरत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणा आणि पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ते ० ते २ दाखवतंय ना पाहा, पेट्रोल पंपावरच्या सगळ्या कॅनमध्ये तसं असतंच असं नाही. ८०० मिलिलिटर पाण्यात २०० मिलिलिटर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुण्याच्या वेटिंग एजंटचे आठ-दहा थेंब. खाचेच्या दिशेने मऊ ब्रश, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसरी धुलाई. ही दुसरी धुलाई चुकवली की सुईवर पांढरट पीठ जमतं आणि दोष रेकॉर्डला जातो. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डवर हे मिश्रण कधीही नाही. अल्कोहोल लाख विरघळवतं.

जून ते सप्टेंबर हा आपल्याकडे रेकॉर्डचा शत्रू. खाडीकाठच्या घरांत कपाट भिंतीला चिकटून असेल तर रेकॉर्डवर बुरशीचे मेणचट ठिपके येतात, त्यांची टिकटिक ओरखड्यासारखीच ऐकू येते आणि प्रत ‘झिजलेली’ ठरते. वरच्या मिश्रणाने ते बरेचसे जातात. जुन्या दुकानांतली जाड, चिकट पीव्हीसीची कव्हरं घरी आल्याआल्या फेकून द्या. ती रेकॉर्डवर धुरकट छाप सोडतात आणि ती निघत नाही. आत पातळ एचडीपीईची पिशवी, बाहेर पॉलिप्रोपिलीनची.

आणि ज्यांनी परदेशातून जुना टर्नटेबल आणलाय त्यांच्यासाठी: मोटर एसी सिंक्रोनस (विजेच्या फ्रीक्वेन्सीवर वेग ठरणारी) असेल आणि पुली ६० हर्ट्झची, तर आपल्या ५० हर्ट्झवर ती ३३⅓ ऐवजी २७.८ फेऱ्यांनी फिरेल. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलतं, फ्रीक्वेन्सी नाही. पांढरी चारचं गाणं पांढरी दोनमध्ये येईल, आणि जुनं प्रेसिंग कसं ‘गंभीर, उबदार’ वाजतंय म्हणून कोणीतरी खूश होईल. ५० हर्ट्झची पुली मागवा.